मेंदूच्या गाठीची रासायनिक खूण

करंजाडे, पनवेलकडच्या मंडळींना खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था, ठाऊक असेल. तिथे मेंदूच्या गाठींवर उपचार होतात आणि संशोधनही. या गाठींतली एक अतिशय आक्रमक गाठ म्हणजे ग्लिओब्लास्टोमा.

डाळी, दूध, शेंगदाणे यांतून आपल्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिळतं. ग्लिओब्लास्टोमाची गाठ त्यापासून कायन्युरेनिन नावाचं द्रव्य बनवते. २०११ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की या द्रव्यामुळे गाठीशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी थंडावतात आणि गाठीच्या पेशी तग धरतात. म्हणूनच रोगाची खूण म्हणून त्याचा अभ्यास चालू आहे. आशा मोठी आहे. पण आज निदान होतं ते एमआरआय करून आणि गाठीचा तुकडा तपासूनच. नुसत्या रक्तचाचणीच्या आश्वासनाला भुलू नका. आणि घाबरून डाळ-दूध सोडू नका, ट्रिप्टोफॅन शरीराला लागतंच.

मोठ्या माणसाला पहिल्यांदाच फिट आली, सकाळी डोकेदुखीबरोबर उलट्या होऊ लागल्या किंवा एका बाजूच्या हातापायातली ताकद गेली, तर ती मेंदूच्या गाठीची लक्षणं असू शकतात; अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.