शिडाचा कायदा

कोंकणकिनाऱ्यावर खडकास चिकटलेलें कालव पुष्कळांनीं पाहिलें असेल. अमेरिकेंतील चेसापीक उपसागरांत त्याच्याच एका भाऊबंदाचें पीक समुद्रतळावर येतें. तेथील कित्येक तळ सार्वजनिक आहेत. भांडणाचें मूळ तेंच.

तळ खरवडणारें लोखंडी जाळें मेरीलंड राज्यानें १८२० सालींच बंद केलें होतें. १८६५ सालीं त्यास परवाना मिळाला, पण होडी शिडाची असावी, वाफेची नसावी, अशी अट घालून. माणसास मुद्दाम मंद करणारा हा कायदा प्रथमदर्शनीं वेडगळ वाटतो. परंतु वारा पडला कीं जाळें थांबे, आणि तेवढाच तळास विसावा मिळे. तरीहि लांब चिमट्यांनीं कालवें काढणारा गरीब कोळी जाळेंवाल्यांच्या घुसखोरीनें गांजला; बंदुका चालल्या; १८६८ सालीं खास जलपोलीस नेमावे लागले. १८८४ च्या सुमारास पीक दीड कोटी बुशेलांच्या घरांत गेलें, आणि मग ओसरूं लागलें.

१८९० चा नियम अधिक शहाणपणाचा. अडीच इंचांहून लहान कालव आणि रिकामे शिंपले तळावरच परत टाकावे. (कालवाचें पिल्लू बहुधा जुन्या शिंपल्यावरच बसतें, शिंपला नेणें म्हणजे त्याचें घरच उचलून नेणें.) १९२७ सालीं मर्यादा तीन इंचांची झाली, ती आजहि आहे. १९६७ सालीं आठवड्यांतून दोन दिवस यंत्राची मुभा मिळाली. निवड मात्र होडीवरच, हातांनीं करावयाची. भरलेल्या मापांत शेंकडा पांचांहून अधिक लहान माल व शिंपले निघाल्यास तो गुन्हा ठरतो.