डोळ्यातील फूल



डोळ्यात ‘फूल पडले’ असे आपण म्हणतो, तो विकार मोतीबिंदूहून निराळा. मोतीबिंदूत आतले भिंग गढूळ होते. फूल पडते ते बुबुळावरील पारदर्शक पटलावर. या पटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच ते काचेसारखे निर्मळ असते. उसाचे पाते लागले, भाताचे कुसळ शिरले, की तेथे जखम होऊन ती चिघळते. नेत्रतज्ज्ञ जखमेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून औषध ठरवितात. मग तासातासाला थेंब, कित्येकदा रात्रीही. घरातले जुने थेंब मात्र घालू नयेत; त्यांत स्टेरॉइड असल्यास बुरशी फोफावते. (मध घालणाऱ्या आजीबाई अजून आहेत, त्यांची समजूत कोणी घालावी!) पानाचा चुना मुलाच्या डोळ्यात उडाल्यास डोळा तत्क्षणी भरपूर पाण्याने धुवावा आणि मगच इस्पितळ गाठावे.

चुन्यानेच अंध झालेल्या आलोइस ग्लोगार नावाच्या मजुराला ७ डिसेंबर १९०५ रोजी मोराव्हियातील ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी दुसऱ्याचे पटल बसविले. अपघाताने निकामी झालेला एका मुलाचा डोळा काढावा लागला होता, त्याचे ते पटल. ग्लोगारच्या एका डोळ्यातील पटल टिकले आणि तो पुन्हा कामावर गेला. पूर्ण जाडीच्या पटलारोपणाचे हे पहिले यश होय.

आज हे पटल मृताच्या डोळ्यातून मिळते. तज्ज्ञ कितीही कुशल असो, कोणी दिल्यावाचून त्याचा हात चालत नाही. नेत्रदान केल्यास पुढील जन्मी अंधत्व येते, अशी भीती आपल्यात आहे. जो देह घटकाभरात अग्नीच्या स्वाधीन करावयाचा, त्याविषयी ही भीती मला तरी कळत नाही. चष्मा, वार्धक्य, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी कशाचीही आडकाठी नाही. चेहराही विद्रूप होत नाही.

ज्ञातीत कोणाकडे मृत्यू घडला की आपले कार्यकर्ते तिरडीच्या सामानाची तजवीज करतात. त्याच वेळी त्यांनी घरच्यांना नेत्रदानाविषयी हळुवारपणे विचारावे, एवढे मागण्यासाठी मी उभा आहे. मृताने पूर्वी अर्ज भरला नसला तरी वारसांची संमती पुरते. नेत्रपेढीला लगेच कळवावे. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. पेढीची माणसे घरी येतात. त्यांचे काम अर्ध्या तासात आटोपते आणि अंत्ययात्रेचा खोळंबा होत नाही.