एक वर्ष थांबलं तर?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी हा विषय सुचवला तेव्हा मी म्हटलं, "मी कॉम्प्युटरवाली, मेडिकलवर काय बोलणार?" उत्तर आलं, "ग्रुपवर सगळे तुलाच विचारतात, तर एकदाच सगळ्यांना सांगून टाक." आपली मुलं आता दहावी-बारावीत आहेत, काहींची कॉलेजात. कुणाची बहीण अमेरिकेत, कुणाचा भाचा. आणि प्रश्न ठरलेला: तिकडे मेडिकलला प्रवेश कसा मिळतो, आणि अर्ज कधी करायचा? माझी भाची यातून गेली. तिच्यानंतर आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या काही मुलांबरोबरही मी तारखांचा तक्ता मांडून बसले. त्या अनुभवावर बोलते.

आधी मूळ फरक. आपल्या वेळी बारावीच्या पीसीबीच्या मार्कांवर मेडिकल ठरायचं. आता 'नीट' आहे, ७२० मार्कांची. अमेरिकेत मात्र आधी चार वर्षांची पदवी घ्यायची आणि मग मेडिकलला अर्ज करायचा. २०२३ साली तिथे एमडीसाठी सुमारे ५२ हजार जणांनी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलं घरी राहिली, आणि ती काही ढ नव्हती.

अर्जात काय काय असतं? कॉलेजचे सगळे ग्रेड. एखादा विषय पुन्हा दिला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. मग एमकॅट ही परीक्षा. ती ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५११-५१२च्या आसपास असते. त्यानंतर जास्तीत जास्त १५ अनुभवांची नोंद, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, आणि डॉक्टर का व्हायचंय यावर एक निबंध. सगळं जमलं तर मुलाखत.

माझी भाची तिसऱ्या वर्षाच्या शेवटी अर्ज करणार होती, म्हणजे मध्ये खंड पडला नसता. ग्रेड उत्तम होते. एमकॅटच्या सराव परीक्षेत मात्र ५०६च्या पुढे गाडी जात नव्हती, आणि पेशंटच्या जवळ जाण्याचा अनुभव म्हणजे एका उन्हाळ्यात हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात बसणं. तिने ठरवलं, एक वर्ष थांबायचं. माझ्या आईने इथून फोनवर विचारलं, "अगं, हुशार मुलगी, वर्ष कशाला वाया घालवते?"

आईचा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या घरातला आहे. म्हणून त्याचं उत्तर तारखांनी देते. तिकडे मेच्या सुरुवातीला फॉर्म उघडतो आणि मेअखेरीपासून पाठवता येतो. ग्रेड पडताळायला गर्दीच्या दिवसांत सहा आठवडेही लागतात. मग प्रत्येक कॉलेज स्वतःचे वेगळे निबंध मागवतं. मुलाखती साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून सुरू होतात आणि बहुतेक कॉलेजं जसजसे अर्ज येतील तसतशा जागा भरत जातात. म्हणून जूनमध्ये पोचलेला अर्ज आणि ऑक्टोबरमध्ये पोचलेला अर्ज यांत फार अंतर पडतं. नकार पक्का कळेपर्यंत पुढच्या वर्षीचे मार्च-एप्रिल उजाडतात. आणि मेमध्ये पुन्हा फॉर्म उघडतो.

आता हिशेब करा. कच्चा अर्ज पाठवला, नकार आला, तर सुधारायला हातात महिना-दीड महिना. तेवढ्यात काय बदलणार? तोच अर्ज पुन्हा पाठवला तर तिथे विचारतात, "गेल्या वेळेपासून काय वेगळं केलंत?" एमकॅटचे जुने गुणही त्यांना दिसतात. म्हणजे सुधारून अर्ज करायचा तर आणखी एक वर्ष थांबणं आलंच. एक वर्ष वाचवायला गेलेली घाई दोन वर्षं खाते, वर फीचे पैसे जातात ते वेगळेच. आज तिथे मेडिकलला लागणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी पदवीनंतर निदान एक वर्ष मध्ये घेतलेलं असतं. तिथे त्याला कुणी नापास झाल्याची खूण समजत नाही.

भाचीने त्या वर्षात एका दवाखान्यात स्क्राइबचं काम केलं. डॉक्टर पेशंटशी बोलतात, तेव्हा शेजारी बसून सगळी नोंद टाइप करायची. पगार बेताचा. पण एक आजोबा प्रत्येक सूचनेला मान डोलवायचे, आणि डॉक्टरांनी "आता तुम्ही मला सांगा, गोळ्या कशा घेणार?" म्हटलं की गप्प व्हायचे, हे तिने तिथे पाहिलं. तिचा निबंध त्यावर झाला. आधीच्या मसुद्यात 'लोकांची सेवा' हे शब्द चार वेळा होते, नव्या निबंधात एकदाही नव्हते. एमकॅट तिने जानेवारीत दिली, गुण हातात आल्यावरच जूनमध्ये अर्ज केला. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे.

पण सगळ्यांनीच थांबावं असं मी म्हणणार नाही. मंडळातल्या एका मुलाची गोष्ट वेगळी. आईवडील एच-१बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं. एकवीस वर्षं पूर्ण झाली आणि त्याचा आईवडिलांवर अवलंबून असलेला व्हिसा संपला. लहानपणापासून तिथे वाढलेला मुलगा कागदोपत्री परदेशी विद्यार्थी झाला. अशा मुलांचे अर्ज बहुतेक मेडिकल कॉलेजं घेतच नाहीत. जी घेतात, त्यांतली काही पुढच्या वर्षांची फी आधीच जमा करून दाखवा म्हणतात. सरकारी शैक्षणिक कर्जही मिळत नाही. त्याची कॉलेजांची यादी एकदम मूठभर उरली. तो सध्या सार्वजनिक आरोग्यात एमएस करतोय आणि पुन्हा अर्ज करणार आहे. त्याच्या घरी "थांब, घाई नको" हे वाक्य मला सहज म्हणता येत नाही. म्हणून इथून बारावीनंतर मुलांना "पदवी तिकडे, मग मेडिकलही तिकडेच" म्हणून पाठवायचा विचार असेल, तर आधी हे नीट समजून घ्या.

ज्यांना हा अडसर नाही, त्यांनी मेच्या आधी मुलाला चार प्रश्न विचारावेत. एमकॅटचे खरे गुण हातात आहेत का, की अजून सरावातल्या गुणांवर भरवसा आहे? पेशंटजवळ इतका वेळ काढलास का, की हे काम आवडत नाही असंही कळलं असतं? नर्स किंवा संशोधक का नाही, डॉक्टरच का, हे दोन वाक्यांत सांगता येतं का? आणि तुझं नाव रजिस्टर न बघता आठवेल असे तीन प्राध्यापक आहेत का? एकाही प्रश्नाला उत्तर अडखळलं, तर थांबावं. मात्र थांबायचं म्हणजे ते अडखळलेलं उत्तर दुरुस्त करायचं. नुसतं घरी बसलं तर वर्ष खरंच वाया जातं.

इथे 'नीट' रिपीट करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांनाही मी एवढंच विचारेन: या वर्षी वेगळं काय करणार? तोच क्लास, त्याच नोट्स, तीच झोपेची आबाळ असेल, तर पुढच्या वर्षी गुण तरी कसे बदलणार?

शेवटी आपल्या शिक्षकांसाठी. तिथली शिफारसपत्रं वाचताना मला प्रगतिपुस्तकातला शेऱ्याचा रकाना आठवतो. 'प्रगती समाधानकारक' हा शेरा पन्नास जणांना चालतो. पण 'गणितात घाई करते, पडताळा घेत नाही' हे फक्त मलाच लिहिलेलं होतं. ते लिहायला आमची वही खरंच बघावी लागली असेल. मुलांना सांगा, असा शेरा लिहू शकेल असा एक तरी शिक्षक कॉलेजात जोडा. अर्जाची तयारी तिथून सुरू होते.