पावसाळ्यातला समुद्र बंद नसतो

जून उजाडला की आपल्या किनाऱ्यावर एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "आता समुद्र बंद." होड्या वर ओढून शाकारल्या, यांत्रिक नौकांना १ जूनपासून बंदी लागली, पर्यटक घरी परतले, म्हणजे जणू समुद्रालाच सुट्टी! अहो, बंद असतो आपण. अरबी समुद्राचं वर्षातलं सर्वांत मोठं काम नेमकं तेव्हाच चाललेलं असतं.

हे समजायला स्वयंपाकघरात चला. आमटीचं पातेलं तासभर तसंच ठेवलं तर डाळ तळाशी बसते, वर नुसतं पाणी आणि तवंग. मे महिन्यातला आपला समुद्र असाच असतो. वरचं पाणी तापून ३० अंशांच्या आसपास जातं, हलकं होतं आणि खालच्या थंड, जड पाण्यावर पसरून राहतं. नायट्रेट, फॉस्फेट ही प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची, खतं वर संपलेली, खाली साठलेली. वर ऊन आहे पण डाळ नाही. खाली डाळ आहे पण ऊन नाही.

मग मोसमी वारा पळी घालतो. सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत नैर्ऋत्येचा वारा इतक्या जोरानं वाहतो की वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. सोमालियाजवळ ऐन उष्ण कटिबंधात काही ठिकाणी ते २० अंशांच्याही खाली उतरतं! आपल्याकडे हीच क्रिया केरळात जोरात, गोव्यापर्यंत येता येता मंद. खालचं वर आलं की प्लवक माजतात, पाणी हिरवट होतं आणि त्यावर तारली-बांगडा पोसतात. नारळी पौर्णिमेनंतर बाजारात ज्या बांगड्याचे कल्ले उघडून तुम्ही घासाघीस करता, त्याच्या अंगावरचं मांस या ढवळणीचं आहे. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं: नुसत्या पावसानं मासे वाढत नाहीत, ढवळण्यानं वाढतात.

पण डाळ तळाला लागली असेल तर? पळी खोल गेली की करपटही वर येणारच. अरबी समुद्राची उत्तर बाजू जमिनीनं बंद. तिकडून ताजं पाणी खोलात शिरायला वाव नाही. वरून मेलेले प्लवक पडत राहतात आणि कुजताना प्राणवायू संपवतात. त्यामुळे साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसलेला प्रचंड थर तयार झाला आहे. पावसाळ्यात कमी प्राणवायूचं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागात चढतं, वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं आणि उरलासुरला प्राणवायूही तळाशी संपतो.

गोव्यातल्या दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोर, जेमतेम २५ मीटर खोल पाण्यात, वर्षानुवर्षं नमुने घेत आले आहेत. बाटलीतल्या पाण्यात दोन रसायनं टाकतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर तो पांढराच राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या पाण्याला कधी कधी कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. वर मात्र समुद्र निळाशार, आणि आपण म्हणतो, "वा, आता समुद्र उघडला!"

आणि आपण काय करतो? शहरांचं सांडपाणी, शेतांतून वाहून आलेलं खत, सगळं त्याच पातेल्यात. म्हणजे तळाला आणखी जाळ. शिवाय हा समुद्र तापतो आहे. वरचा थर जितका गरम, तितकी पळी खाली जाणं कठीण... हा धागा मोठा आहे, पण समोर वेळ संपत आल्याचा तांबडा दिवा लागलाय.

हिवाळ्यात उत्तरेकडे कोरड्या वाऱ्यानं वरचं पाणी थंड होऊन खाली बुडतं आणि आणखी एक ढवळणी होते. तीही सांगायची राहिली. असो. निदान एवढं करा. जूनमध्ये कुणी "समुद्र बंद" म्हटलं की त्याला तिथल्या तिथे टोका. आणि बंदीच्या दिवसांत चोरून आणलेली मासळी स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. आमटी शिजायच्या आत पातेल्यात हात घालायला घरात तरी कोण देतं?