गरिबी नशिबाची नाही, केलेली आहे
(अकोले तालुक्यातल्या मेळाव्यातलं भाषण)



आदिवासी गरीब का, असं विचारलं की कोणी म्हणतं आळशी आहेत, कोणी म्हणतं दारू पितात. आपलेच लोक म्हणतात, नशीब. मी म्हणतो, सालं बघा. आपल्या गरिबीला सालं आहेत, कायदे आहेत, सहीशिक्के आहेत.

पहिली गेली जमीन. इंग्रजाने शेतसारा रोख मागितला. डांगाणात पिकणार भात, नागली, वरई. रोख आणायची कुठून? सावकाराकडून. कागदावर अंगठा, मग कोर्टाचा हुकूम, मग जमीन सावकाराची. याच जुलमाविरुद्ध देवगावचे राघोजी भांगरे उठले. २ मे १८४८ ला ठाण्याला त्यांना फाशी दिली. पुढे १८७५ ला पारनेर, श्रीगोंद्याकडचे कुणबीही सावकारांवर उठले, कर्जाचे कागद जाळले. म्हणजे दुखणं एकट्या आदिवासीचं नव्हतं.

दुसरं गेलं जंगल. १८७८ चा जंगल कायदा आला. राबाला पाला, गुराला चारा, घराला लाकूड हा कालपर्यंतचा वहिवाटीचा हक्क. तो आज गुन्हा झाला.

तिसरं गेलं पाणी. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. पाऊस आपल्या डोंगरावर, पाणी कालव्याने खाली उसाला. आपल्या बाया उन्हाळ्यात हंडा घेऊन झऱ्यावर बसतात.

हे इथंच झालं असं नाही. आफ्रिकेत केनियात गोऱ्यांनी चांगली जमीन घेतली आणि झोपडीवर रोख कर बसवला. कर भरायला माणूस गोऱ्याच्या मळ्यावर गेलाच पाहिजे. रीत तीच. आधी पोटाचं साधन काढून घ्यायचं, मग स्वस्तात मजूर मिळतो.

गोरा गेला, पण त्याचा १९२७ चा जंगल कायदा राहिला. १९८६ ला वर अभयारण्य आलं. परिणाम घरोघर दिसतो. भाताची कापणी झाली की गाव रिकामं. माणसं नारायणगावच्या अड्ड्यावर, पोरांची शाळा सुटलेली, घरी म्हातारी आणि कोंबड्या.

आता नीट ऐका. २००६ च्या वनहक्क कायद्यात सरकारनेच लिहून दिलंय की वनातल्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. हे त्यांचे शब्द आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन आपण कसतो, ती कुटुंबामागे चार हेक्टरपर्यंत आपल्या नावावर होऊ शकते. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कोणी उठवू शकत नाही. दंडाची जुनी पावती असेल तर जपा, तीच आपला पुरावा. ज्याने दंड केला त्यानेच लिहून दिलं की तुम्ही तिथं होता! गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. एक पुरावा पुरत नाही, दोन तरी जोडा. नवराबायको दोघांचं नाव घाला.

आणि नुसत्या प्लॉटवर थांबू नका. हिरडा, चारा, पाणवठे यांच्यासाठी गावाचा सामूहिक दावा टाका. एकट्याचा प्लॉट उद्या सावकाराच्या नजरेत येईल, गावाचं जंगल येणार नाही.

दावा आधी ग्रामसभेत जातो, साहेबाच्या टेबलावर नाही. म्हणून ग्रामसभेला या, बायांनी पुढं बसा, अर्ज दिला की पोच घ्या. कागदाने गेलेलं कागदानेच परत घ्यायचं आहे, आणि कागद हलत नसेल तर सगळ्यांनी मिळून तहसीलवर जायचं आहे.

जंगल आमच्या हक्काचं! जिंदाबाद!