मुलाखत आणि मानहानी

आदिलाबादहून हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. नागपूर त्याहून जवळ. मुलाखतीचे पत्र हाती पडताच आपल्या भागातला मराठी तरुण इस्त्रीचा सदरा पिशवीत घालून रात्रीची गाडी धरतो. एवढा प्रवास करून आत गेल्यावर समोरचा गृहस्थ मान वर न करताच म्हणाला, ‘असले तेलुगू बोलून तुम्ही आमची गिऱ्हाइके सांभाळणार?’ तर त्याने काय करावे? तोच नागपुरास गेला, तर ‘तुम्ही तेलंगणातले, इकडे कशाला आलात?’ हेही ऐकावे लागण्याचा संभव आहेच.

या दुहेरी परकेपणाला इतिहास आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. इकडे राहिलेले मराठी भाषिक आंध्र प्रदेशात आले आणि २०१४ पासून तेलंगणात आहेत. सरकारी भरतीत ‘स्थानिक’ कोण, हे १९७५ व २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशांनुसार प्रामुख्याने शालेय शिक्षण कोठे झाले यावर ठरते, मातृभाषेवर नव्हे. तेव्हा हैदराबादेत कोणी ‘बाहेरचे’ म्हटलेच, तर ‘माझी शाळा याच राज्यातली’, एवढे एक वाक्य शांतपणे सांगावे. पुढे वाद घालू नये.

परंतु प्रत्येक बोचरा प्रश्न अपमान नसतो. तेलुगूविषयीच्या त्या प्रश्नात कुत्सितपणा आहे, तरी गाभा खरा आहे. गिऱ्हाइकाशी बोलावयाचे तर भाषा हवीच. कुत्सितपणा सोडून गाभ्याला उत्तर द्यावे: ‘बोलता येते, लिहिताना चुका होतात, अभ्यास चालू आहे.’ अर्थात अभ्यास खरोखर चालू असला पाहिजे! याउलट जात कोणती, वडिलांची मिळकत किती, आणि मुलगी असेल तर लग्न कधी, या प्रश्नांना कामाच्या दृष्टीने गाभाच नाही. तेथे ‘साहेब, या कामाशी याचा संबंध सांगाल तर उत्तर देईन’, असे नम्रपणे म्हणावे. आवाज चढवू नये, आणि ओशाळून हसूही नये. त्या हसण्याने विचारणाऱ्याला जोर चढतो.

काही परीक्षक आपल्या अरेरावीला ‘ताणाची कसोटी’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने शत्रूच्या मुलखात पाठवावयाची माणसे निवडताना अशी दमदाटीची मुलाखत घेतली होती. हेराचे ठीक आहे. कापडाच्या पेढीतल्या हिशेबनिसाला ती कशासाठी?

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८१ साली श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रकरण आले. तो प्रश्न नोकरीचा नव्हे, प्रवेशाचा होता. दोनतीन मिनिटांत मुलाखत आटोपलेली, प्रश्न आईबाप आणि राहण्याचे ठिकाण यांविषयीचे, आणि एकतृतीयांश गुण त्या मुलाखतीला! न्यायालयाने एवढे गुण अवाजवी ठरविले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात असेही सुचविले. २०१६ पासून केंद्र सरकारने खालच्या श्रेणींच्या बहुतेक पदांसाठी मुलाखती बंद केल्या. २०२२ साली तेलंगणाने गट एक व गट दोनच्या पदांसाठीही त्या काढून टाकल्या. खाजगी पेढीत मात्र दाराआड काय बोलले गेले, याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून ती आपणच ठेवावी. दाराआड बसलेला गृहस्थ उद्या आपला वरिष्ठ होणार असेल, तर त्याची भाषा हाही मुलाखतीतून मिळालेला माहितीचा भागच आहे. घरी चूल अडली असेल, तर अशा जागी रुजू होण्यात कमीपणा नाही. पगार, कामाचे तास आणि सुटी यांचा शब्द तेवढा लेखी घ्यावा. अडली नसेल, तर सरळ नकार कळवावा. आणि परतीच्या गाडीत विचारलेले प्रश्न आठवतील तसे वहीत उतरवावेत. पुढच्या महिन्यात गावातला दुसरा कोणी त्याच दारात उभा राहणार असतो.