संरक्षण कार्याचे, व्यक्तीचे नव्हे
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



आंतरराष्ट्रीय संस्थांतील प्रतिनिधींना कायद्याने मिळणाऱ्या उन्मुक्तीचा विषय निघाला की आपल्यातील अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. विशेषाधिकारांविरुद्ध आयुष्यभर झगडणाऱ्यांनी या विशेषाधिकारांची तरफदारी का करावी? प्रश्न रास्त आहे. त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे.

संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय अमेरिकेत आहे. ज्याच्या अंगणात सभा भरते त्याच्याच मर्जीवर सभेतले बोलणे अवलंबून राहिले, तर दुबळ्या राष्ट्राने तोंड कसे उघडावे? म्हणूनच १३ फेब्रुवारी १९४६ रोजी आमसभेने विशेषाधिकार व उन्मुक्ती यांविषयीचा करार मंजूर केला. त्यानुसार कामकाजाच्या काळात प्रतिनिधीला अटक करता येत नाही आणि प्रतिनिधी या नात्याने उच्चारलेल्या शब्दांबद्दल पुढेही खटला भरता येत नाही. भारताने १९४७ साली कायदा करून या तरतुदी अमलात आणल्या. त्याच वर्षीच्या मुख्यालय-कराराने प्रतिनिधींच्या व निमंत्रितांच्या प्रवासात अडथळा न आणण्याचे अमेरिकेने मान्य केले. तरीही १९८८ साली तिने यासर अराफत यांना प्रवेश नाकारला आणि पॅलेस्टाईनवरील चर्चेसाठी आमसभेला जिनिव्हा गाठावे लागले. २०२५ साली महमूद अब्बास यांनाही व्हिसा नाकारण्यात आला. हे संरक्षण दुबळ्यांना का हवे, हे यावरून कळावे.

परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क येथील आपल्या वकिलातीतील अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. घरकामासाठी नेलेल्या भारतीय स्त्रीच्या वेतनाबाबत व्हिसा-अर्जात खोटी माहिती दिल्याचा आरोप त्यांच्यावर होता. तो त्यांनी नाकारला. त्यांची जी अंगझडती घेतली गेली तिच्याविषयीचा देशाचा संताप योग्यच होता. पुढे संयुक्त राष्ट्रसंघातील भारताच्या प्रतिनिधिमंडळात त्यांची नेमणूक झाली. जानेवारी २०१४ मध्ये पूर्ण उन्मुक्ती मिळून त्या मायदेशी परतल्या. ती उन्मुक्ती मागे घेण्याची अमेरिकेची विनंती भारताने फेटाळली. राष्ट्राच्या मानापमानाची चर्चा घरोघर झाली. घरकाम करणाऱ्या त्या स्त्रीच्या मजुरीची किती झाली?

वस्तुतः १९४६ चा करारच सांगतो की, हे संरक्षण प्रतिनिधीच्या वैयक्तिक लाभासाठी नाही. त्याचे कार्य स्वतंत्रपणे चालावे यासाठी आहे. उन्मुक्तीमुळे न्यायाच्या मार्गात अडथळा येत असेल आणि मूळ हेतूस बाध येणार नसेल, तेथे ती मागे घेणे हा सदस्य राष्ट्राचा नुसता हक्क नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. या कर्तव्याचा निर्णय मात्र ज्याचा प्रतिनिधी, त्याच सरकारने करावयाचा असतो. मग त्याला जाब विचारणार कोण?

तो आपण विचारला पाहिजे. उन्मुक्ती का राखली वा का सोडली, याची कारणे सरकारने संसदेपुढे मांडावीत. आणि ती राखली, तर पीडित कामगाराला न्याय कोणत्या मार्गाने मिळेल तेही सांगावे. प्रतिनिधीचे तोंड कोणी दाबू नये. प्रतिनिधीनेही कोणाची मजुरी दाबू नये. या दोन्ही मागण्या एकाच तत्त्वातून निघतात, आणि त्या एकाच आवाजात करण्याचे धैर्य आपल्याजवळ असले पाहिजे.